‘गेट’ कुठे लावायचं आणि कुठे नाही

शब्दकोशात इंग्रजी ‘गेट’ (get) हे क्रियापद उघडलं की अर्थांची रांग संपता संपत नाही. ती पाठ करायला बसू नका, तिसऱ्या दिवशी सगळी विसरते. त्यापेक्षा आपलं मराठी वाक्य आधी नीट पाहा. वाक्य ‘मला’ने (किंवा ‘मले’ने) सुरू होत असेल आणि शेवटी मिळालं, आलं, झालं, लागलं, समजलं यांपैकी काही असेल, तर बहुतेक वेळा ‘गेट’चं काम आहे.

मला पत्र मिळालं : आय गॉट अ लेटर. मला राग आला : आय गॉट अँग्री. मला सर्दी झाली : आय गॉट अ कोल्ड. मला लागलं : आय गॉट हर्ट. मला विनोद समजला नाही : आय डिडन्ट गेट द जोक. मराठीत पाच क्रियापदं, इंग्रजीत एकच. आपल्याकडे पत्र, राग, सर्दी सगळं माणसाकडे चालत येतं. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. म्हणून ‘मला’चं ‘मी’ करावं लागतं, ‘टु मी’ नाही.

पण प्रत्येक ‘मला’ला ‘गेट’ चिकटवू नका. मला पोहता येतं म्हणजे आय कॅन स्विम. मला संत्री आवडतात म्हणजे आय लाइक ऑरेंजेस. अडलं तर एकच विचारा : काही बदललं का? आधी नव्हतं ते झालं असेल तर ‘गेट’. नुसती आत्ताची स्थिती सांगायची असेल तर ‘अ‍ॅम’ किंवा ‘इज’. जेवायला बसताना ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे आय अ‍ॅम हंग्री. फुटाळा तलावाला चक्कर मारून भूक लागली, हे घडलेलं सांगताना आय गॉट हंग्री.

इथे नागपूरकरांना एक आयती सोय आहे. ‘ऊन वाढून राहिलं’, ‘अंधार होऊन राहिला’ यातलं ‘होऊन राहिलं’ म्हणजे थेट ‘गेटिंग’ : इट्स गेटिंग हॉट, इट्स गेटिंग डार्क. फसगत होते ती उशिरात. ‘मला उशीर होऊन राहिला’ याचं ‘आय अ‍ॅम गेटिंग लेट’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला ते खटकतं. तिथे आय अ‍ॅम रनिंग लेट म्हणा. ‘इट्स गेटिंग लेट’ बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा : रात्र होत आली, आता निघायला हवं.

सर्वांत जास्त चुका होतात त्या दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामात. मराठीत आपण बिनदिक्कत ‘मी केस कापले’ म्हणतो आणि ऐकणारा न्हावी गृहीत धरतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात येते. तिथे म्हणायचं, आय गॉट माय हेअर कट. क्रम असा : गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मार्चमध्ये कूलरचा वाळा बदलून घेतला, तर आय गॉट द कूलर पॅड्स चेंज्ड. स्कूटर दुरुस्त करून घेतली, तर आय गॉट माय स्कूटर रिपेअर्ड. क्रम उलटला की अर्थाचा विचका होतो. ‘आय गॉट कट’ म्हणजे मला कापलं! तसंच मोबाइल चोरीला गेला की ‘आय गॉट स्टोलन’ म्हणू नका, कारण त्यात तुम्हीच चोरीला जाता. माय फोन गॉट स्टोलन. आणि ‘स्टोल’ नाही, ‘स्टोलन’.

माणसाला राजी करून काम करवून घेतलं असेल, तर मात्र माणसानंतर ‘टु’ आणि साधं क्रियापद. ऑटोवाल्याला मीटरने यायला पटवलं (पटलाच तर) : आय गॉट द ड्रायव्हर टु गो बाय मीटर. हा ‘टु’ गळाला की वाक्य लंगडतं.

ठिकाणाला पोहोचायचं असेल तर ‘गेट टु’ : हाउ डू आय गेट टु दीक्षाभूमी? पण होम, हिअर, देअर यांच्याआधी ‘टु’ नको. आय गॉट होम अ‍ॅट नाइन. चढण्या-उतरण्याचा नियम शरीरावरून लक्षात ठेवा. ज्यात उभं राहता येतं, चालता येतं, त्या बस, रेल्वे, मेट्रोला गेट ऑन आणि गेट ऑफ. वाकून आत शिरावं लागतं त्या कार आणि ऑटोला गेट इन आणि गेट आउट. दुचाकीवर स्वार व्हायचं असतं, म्हणून तीही ऑन-ऑफमध्ये. नागपूर मेट्रोने छत्रपती चौकातून शंकरनगरला जाणाऱ्या पाहुण्याला सांगायचं तर : गेट ऑन अ‍ॅट छत्रपती स्क्वेअर, गेट ऑफ अ‍ॅट सीताबर्डी, चेंज टु द अ‍ॅक्वा लाइन, गेट ऑफ अ‍ॅट शंकरनगर. आपलं ‘गेट डाउन’ इथे समजून घेतलं जातं, पण परदेशी पाहुणा ते ऐकून खाली वाकायचा.

रूपांमध्ये फार काही नाही. गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत तिसरं रूप बहुधा गॉटन, आपल्या शाळांत गॉट. ‘डिड’ आला की मागे साधं गेट : व्हेअर डिड यू गेट इट, ‘गॉट’ नाही. उच्चाराची मात्र काळजी घ्या. देवनागरीत हे ‘गेट’ आणि दाराचं ‘गेट’ सारखंच दिसतं. क्रियापदातला ए आखूड तोडायचा, दारातला जरा ओढत ‘गेइट’कडे न्यायचा. सरावाला हे वाक्य घ्या : आय कुडन्ट गेट टु द गेट.

अर्ज, तक्रार, कार्यालयीन पत्र लिहिताना ‘गेट’ शक्यतो बाजूला ठेवा, ते बोलण्यातलं आहे. पत्र मिळालं तर रिसीव्ह्ड, परवानगी मिळवली तर ऑब्टेन्ड, पोहोचलो तर रीच्ड किंवा अराइव्ह्ड. रीच्डनंतर ‘टु’ येत नाही, ही चूक ‘गेट टु’च्या सवयीनेच होते. आणि पोलिसांत तक्रार देताना माय फोन वॉज स्टोलन.