मोबाइलवर गाडीचे एरर कोड कसे वाचायचे: वायरलेस ओबीडी स्कॅनर जोडण्यापासून कोड उडवण्यापर्यंत

एअर फिल्टर बदलून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी व्यवस्थित चालत होती. आवाज नाही, धक्के नाहीत, पण दिवा काही जाईना. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "सेन्सर गेला असेल, बदलावा लागेल." कुठला सेन्सर, हे मात्र त्यालाही सांगता येईना. त्या आठवड्यात मी ब्लूटूथचा एक स्कॅनर मागवला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, किंमत एका टायरच्या अलाइनमेंटइतकी. पुढे काय झालं ते खाली येईलच, आधी डबी लावू.

आपल्या गाडीत चालेल का?

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडच्या रूपात साठवायची सोय. भारतात १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (धूर-प्रदूषणाच्या नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांना तिची दुसरी पायरी, ओबीडी-२, सक्तीची झाली. त्यानंतरची पेट्रोल किंवा डिझेल कार असेल तर बहुतेक काळजी नाही. २०१० ते २०१३ मधल्या बऱ्याच गाड्यांतही स्कॅनर चालतो, पण सगळी माहिती येईलच असं नाही. त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसलं तरी स्कॅनरशी तिचं बोलणं जमेलच असं नाही. दुचाकीचा कनेक्टर वेगळा असतो, त्यासाठी जोडवायर लागते. तो विषय इथे घेत नाही.

खरेदी करताना एकच प्रश्न: फोन कुठला?

अँड्रॉइड असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर पुरतो. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ स्कॅनर चालत नाही. एकतर वायफायवाला घ्या, नाहीतर ब्लूटूथ लो एनर्जी असं स्पष्ट लिहिलेला. दुकानदार "सगळ्याला चालतो" म्हणतो, त्यावर जाऊ नका, खोक्यावर वाचा.

या डब्यांवर ईएलएम३२७ असं नाव असतं. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, म्हणून बाजार नकलांनी भरला. गंमत म्हणजे स्वस्त डब्यांवर हमखास छापलेली "१.५" ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नाही. १.४ नंतर थेट २.० आली. त्यामुळे आकडा बघून चांगलं-वाईट ठरवता येत नाही. परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहून घ्या, आणि दोन-तीन दिवसांत आपल्याच गाडीवर लावून बघा.

सॉकेट शोधा

ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आणि स्टिअरिंगखाली वाकून मोबाइलची बॅटरी मारा. बॉनेट उघडायच्या खटक्याजवळ किंवा फ्यूज बॉक्सच्या आसपास १६ पिनांचं, एका बाजूने निमुळतं सॉकेट दिसेल. काही गाड्यांत त्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. नाही सापडलं तर मॅन्युअल बघा, उगाच पॅनेल ओढू नका.

इंजिन बंद असताना स्कॅनर लावा. तो एकाच बाजूने बसतो. जोर लावावा लागत असेल तर उलटा धरलाय. नीट बसला की त्यावरचा लाल दिवा चावी न फिरवताही लागतो, कारण सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो. दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हे सॉकेट आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. लायटरमध्ये चुकीचा चार्जर घुसवून तो फ्यूज उडवलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

इग्निशन ऑन, इंजिन बंद

चावीची गाडी असेल तर स्टार्टर मारायच्या आधीच्या टप्प्यावर थांबा, म्हणजे मीटरमधले सगळे दिवे लागतात तिथे. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण साधारण दोनदा दाबा. नुसता रेडिओ चालू होईल इतकंच केलंत तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, जागा होत नाही. "कनेक्ट होत नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

फोन जोडा

साधा ब्लूटूथ असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नवीन डिव्हाइस शोधा. ओबीडी-२ किंवा तशाच नावाची डबी दिसेल. पिन विचारला तर १२३४, तो चालला नाही तर ००००.

ब्लूटूथ लो एनर्जीवाला असेल तर उलट करायचं. सेटिंगमधून पेअर करायचं नाही, थेट ॲपमधूनच शोधायचं. सेटिंगमधून आधी पेअर केलं असेल तर "फर्गेट" करा आणि पुन्हा ॲपकडे या.

वायफायवाल्यात स्कॅनर स्वतःचं नेटवर्क काढतो, नावात ओबीडी असतं. त्याला जोडा. फोन लगेच कुरकुर करेल की या वायफायवर इंटरनेट नाही, मोबाइल डेटावर जाऊ का? नाही म्हणा, किंवा तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंदच ठेवा. ॲपमध्ये पत्ता विचारला तर बहुतेक डब्यांचा पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो.

ॲप कुठलं? अँड्रॉइडवर टॉर्क बरीच वर्षं चालत आलंय. दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर कार स्कॅनर आहे. फुकट आवृत्तीत कोड वाचता येतात, सुरुवातीला पैसे भरायची गरज नाही. अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल तर "नीअरबाय डिव्हाइसेस"ची परवानगी द्यावी लागते. त्याआधीच्या अँड्रॉइडवर लोकेशन चालू नसेल तर ब्लूटूथची डबी यादीत येतच नाही, हे मला कळायला अर्धा तास गेला.

आता ॲपच्या सेटिंगमध्ये जोडणीचा प्रकार निवडा, डबीचं नाव निवडा, प्रोटोकॉल "ऑटो" राहू द्या आणि कनेक्ट करा. इथे दोन टप्पे असतात आणि ते वेगळे ओळखता आले तर निम्मी डोकेदुखी वाचते. पहिला टप्पा फोन ते स्कॅनर, दुसरा स्कॅनर ते गाडी. पहिलाच अडला तर दोष फोनच्या बाजूला, म्हणजे परवानगी, पेअरिंग किंवा दुसरं कुठलं ॲप आधीच डबी धरून बसलंय. पहिला झाला आणि दुसरा अडला तर इग्निशन बघा, डबी काढून पुन्हा लावा. तरीही नाही जमलं तर ती डबी दुसऱ्याच्या गाडीवर लावून बघा. तिथेही अडली तर परत पाठवा.

कोड वाचा, आणि उडवायच्या आधी लिहून ठेवा

कोडमध्ये एक अक्षर आणि चार आकडे. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. अक्षरानंतरचा आकडा शून्य असेल तर कोडचा अर्थ बहुतेक सगळ्या गाड्यांत सारखा, एक असेल तर कंपनीचा खास. ॲप त्याचा भलताच अर्थ दाखवू शकतं, म्हणून खास कोड आपल्या मॉडेलच्या नावासह शोधावा. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल तर हा स्वस्त स्कॅनर बहुधा गप्प बसेल. ते त्याचं काम नाही.

माझ्या गाडीत आला पी०११३. अर्थ: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. इथेच बहुतेक जण चुकतात. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं नाही. कोड फक्त सांगतो की ईसीयूला या वायरीवर जे दिसायला हवं ते दिसत नाहीये. सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, यांपैकी दोषी कोण ते आपल्याला शोधायचं असतं.

म्हणून कोडनंतर लगेच लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी देत असलेले आकडे, उघडावा. मी हवेचं तापमान उघडलं. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर घामाच्या धारा, आणि स्क्रीनवर उणे ४० अंश. हा आकडा हवेचा नव्हताच. या सेन्सरची वायर कुठेतरी तुटलेली किंवा सुटलेली असली की ईसीयू मोजमापाच्या तळाशी जातो आणि उणे ४० दाखवतो. एअर फिल्टरच्या डब्यामागे हात घातला तर कनेक्टर नुसता टेकलेला होता, फिल्टर बदलताना काढलेला आणि नीट न बसवलेला. दाबल्यावर "टक" आवाज आला, आणि स्क्रीनवरचा आकडा ४३ वर आला. सेन्सर बदलायला गेलो असतो तर नवा सेन्सर बसवताना कनेक्टर नीट लागला असता, दिवा गेला असता, आणि मी आयुष्यभर मानलं असतं की जुना सेन्सर खराब होता.

लाइव्ह डेटात आणखी दोन आकडे कायम बघावेत. कूलंटचं तापमान: गरम झालेल्या इंजिनात साधारण ८५ ते १०५ अंशांमध्ये. बॅटरीचं व्होल्टेज: इंजिन बंद असताना साधारण १२.४ च्या वर, चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर चतुराईने चार्ज करतो, त्यामुळे चालत्या गाडीत ते अधूनमधून खाली-वर झालं तर घाबरू नका. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर "मिश्रण पातळ" किंवा "मिश्रण जाड" असे कोड, म्हणजे पी०१७१ आणि पी०१७२, ट्यूनिंग बिघडल्यामुळेही येतात. अशा वेळी पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळं चालवून फ्यूएल ट्रिमचे आकडे, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय ते, बघावेत.

गाडी चालवत हे आकडे बघू नका, शेजारी बसलेल्याला बघू द्या. आणि पिवळा दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर नंतर, आधी वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. मिसफायर होत असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. तो कन्व्हर्टर स्कॅनरच्या कितीतरी पट महाग असतो.

दुरुस्ती झाल्यावरच "क्लिअर" दाबा. त्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष पकडला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान, यांचे स्क्रीनशॉट घ्या. क्लिअर दाबलं की कोडबरोबर हेही पुसलं जातं आणि मेकॅनिकला द्यायला आपल्याकडे काही उरत नाही. दुरुस्ती न करता दिवा घालवला तर तो थोड्या दिवसांत परत येतो, फक्त आपला वेळ जातो.

काम झालं की डबी काढून डॅशबोर्डच्या खणात टाका. आठवडाभर उभ्या गाडीत लावून ठेवली तर बॅटरी हळूहळू उतरते. शिवाय १२३४ पिन असलेली ब्लूटूथची डबी पार्किंगमध्ये कोणीही जोडू शकतो.

क्लिअर केल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या, ज्यांना ॲपमध्ये "रेडिनेस मॉनिटर्स" म्हणतात, त्याही शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग लागतं. जुनी गाडी बघायला जाताना हे उपयोगी पडतं. मालक म्हणतो "एक एरर नाही बघा", आणि खरंच एकही कोड नसतो. अशा वेळी मॉनिटर्सचं पान उघडावं. बहुतेक रकान्यांत "अपूर्ण" दिसलं तर एक-दोन दिवसांपूर्वी कोणीतरी कोड उडवलेले असतात किंवा बॅटरीची वायर काढलेली असते. मग मालकाला विचारायचं, "बॅटरी कधी बदललीत?" आणि पावती बघायला मागायची.