फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (सिममध्ये) जड विमानाची क्रूझ उंची कशी ठरवायची

जळगाव-भुसावळला गच्चीवर उभं राहून फ्लाइटरडार उघडलं की डोक्यावरचं विमान ३६-३७ हजार फुटांवर दिसतं, मग पोरं सिममध्ये ट्रिपल सेव्हनच्या (बोइंग ७७७) टाक्या गच्च भरून तोच आकडा क्रूझला, म्हणजे प्रवासात धरून ठेवायच्या उंचीला, टाकतात आणि विमान ३२ हजाराच्या आसपास धापा टाकायला लागतं. भाऊ, वरचं ते बहुतेक ए३२० असतं, सत्तरेक टनांचं. तुमचं ७७७-३००ईआर ३४० टनांचं आहे. कन्नड घाटात भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये चढवायला गेल्यासारखं होतं ते.

म्हणून पहिलं काम वजनाचं. एफएमसीत (विमानातला हिशेबाचा कॉम्प्युटर) झीरो फ्युएल वेट, म्हणजे इंधन सोडून बाकी सगळं वजन, नीट टाका. इथंच घोळ होतो, सिमच्या कॉकपिटमधल्या टॅबलेटवर माल-पॅसेंजर एक भरलेले असतात आणि एफएमसीत आकडा दुसराच असतो, मग पुढचं सगळं खोटं. वजन बरोबर असेल तर बोइंगच्या क्रूझ पेजवर ऑप्टिमम (त्या वजनाला सगळ्यात फायद्याची उंची) आणि मॅक्स (जास्तीत जास्त उंची) असे दोन आकडे येतात, एअरबसमध्ये तेच प्रोग्रेस पेजवर. ऑप्टिममच्या जवळची उंची घ्यायची आणि मॅक्सपासून निदान हजार-दोन हजार फूट खाली राहायचं, बस.

मॅक्स दिसतंय तर जायला काय हरकत, असं कोणी विचारतंच. तर स्पीड टेप, म्हणजे स्क्रीनवरची वेगाची उभी पट्टी, बघा. वर चढत जाल तसा खालचा पिवळा पट्टा (कमीत कमी वेग) वर सरकतो आणि वरची लाल-काळी पट्टी (जास्तीत जास्त वेग) खाली येते, मधे राहते ती जागा तुमची. मॅक्सचा हिशेब साधारण १.३ जी, म्हणजे वजनाच्या १.३ पट भार, धरून असतो, म्हणजे ४० अंशांच्या वळणाइतकी सवलत. नुसत्या वळणाला ती पुरते, पण जोराचा टर्ब्युलन्स आला की तीच संपते. २००४ मध्ये अमेरिकेत एक रिकामं सीआरजे-२०० त्याच्या कमाल उंचीवर, ४१ हजारावर नेलं, स्पीड घटत गेला, स्टॉल झालं (पंखांची उचल गेली), दोन्ही इंजिनं बंद पडली आणि दोन्ही पायलट गेले. ते तर छोटं विमान होतं.

मग दिशा. मॅग्नेटिक ट्रॅक (होकायंत्राप्रमाणे जायची दिशा) ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार, म्हणजे ३१, ३३, ३५, आणि १८० ते ३५९ असेल तर सम. मुंबई-लंडनला ३०, ३२, ३४ धरा, मुंबई-कोलकात्याला विषम.

आता तापमान. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री असलं तरी त्याचा त्रास टेकऑफला, वर त्याच्याशी देणंघेणं नाही. वरचं वेगळं बघायचं. स्टँडर्ड हवेत ३० हजारावर उणे ४४-४५ असतं, पावसाळ्यात आपल्या देशावर तिथंच उणे ३२-३३ सापडतं, म्हणजे १०-१२ डिग्री गरम. गरम हवेत इंजिनाची ताकद घटते, मॅक्स खाली येतो. सिमब्रीफच्या (सिमसाठी फ्लाइट प्लॅन बनवणारी वेबसाइट) प्लॅनमध्ये हा फरक दिलेला असतो, दहाच्या वर दिसला तर एक लेव्हल खालीच सुरुवात केलेली बरी.

फ्युएल जळेल तसं वर सरकायचं, यालाच स्टेप क्लाइंब म्हणतात. घाई नको. ३० हजारावरून ३२ हजारावर हवेचा दाब साधारण ९ टक्के कमी होतो, म्हणजे त्याच मॅकला (आवाजाच्या वेगाच्या प्रमाणात मोजलेला वेग) वजनही तितकंच घटायला हवं. ३४० टनांचे ९ टक्के म्हणजे ३० टन झाले, तासाला सात-आठ टन जळतात, म्हणजे चार तास थांबायचं. चढताना व्हर्टिकल स्पीड मिनिटाला ५०० फुटांच्या खाली रेंगाळला तर समजा लवकर निघालात.

डोंगराचंही बघा. सातपुडा किरकोळ आहे, अस्तंभा जेमतेम साडेचार हजार फूट. पण हिंदुकुशात तिरिच मीर २५ हजार फुटांच्या वर आहे, आणि एक इंजिन गेलं की जड ट्रिपल सेव्हन ३० हजारावर टिकत नाही, खाली उतरतंच. क्रूझ पेजवर इंजिन आउट दाबून ती उंची आधीच बघून ठेवा, त्या भागात जायच्या आधी.

आणि पावसाळ्यातले ढग वरून ओलांडायचा नाद सोडा. आपल्याकडचे क्युम्युलोनिंबस (गडगडाटी वादळी ढग) ५० हजाराच्याही वर जातात, तिथं कुठलंच जड विमान पोचत नाही. २० नॉटिकल मैल तरी बाजूने वळसा घाला, फ्युएल थोडं जास्त जाईल, जाऊ द्या.