अनारसे हसतात, दगड होतात, जाळी पडत नाही: या चुका टाळा

अनारसा तुपात सोडला की क्षणात कडा विरघळायला लागतात, मध्ये भोक पडतं आणि कढईभर लालसर चुरा तरंगतो. अनारसा हसला! लगेच आचेला दोष दिला जातो, तुपाला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा चार-पाच दिवस आधी, तांदूळ वाळत घातला तेव्हाच झालेली असते.

अनारशाच्या पिठात पाण्याचा थेंब पडत नाही. भिजवलेल्या तांदळात उरलेली ओल हीच काय ती ओल. तिच्यावरच गूळ पाघळतो आणि पीठ मुरतं. तांदळाला गव्हासारखा चिकाट नसतो, त्यामुळे तुपात गूळ वितळत असताना पिठी शिजून घट्ट झाली तरच अनारसा आकार धरतो. ओल किंवा गूळ जास्त झाला तर गूळ आधी पळतो आणि अनारसा हसतो. ओल कमी पडली तर पीठ मुरतच नाही आणि अनारसा दगड होतो.

तांदूळ आणि भिजवणं

जुना तांदूळ घ्या, कोलम चांगला. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ नको, नवा तर नकोच. तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. मुंबईच्या ऑक्टोबरात दिवसातून दोनदा बदला, नाहीतर आंबूस वासाऐवजी कुजका वास येतो. तो वास वेलचीने झाकला जात नाही. एका रात्रीत भिजवलेल्या तांदळाची पिठी रवाळ राहते आणि जाळी पडत नाही. तीन दिवसांत दाणा पार मऊ होतो, हलकासा आंबतोही. अनारशाची मूळ चव तिथूनच येते.

वाळवणं: सगळ्यात जास्त चुका इथेच

तिसऱ्या दिवशी तांदूळ चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. मग धुतलेल्या सुती कापडावर, जुनी साडी किंवा धोतर असेल तर उत्तम, एकेरी थरात पसरा. उन्हात नाही. उन्हात दाणा वरून कोरडा आणि आतून ओला राहतो, मग पिठी एकसारखी होत नाही.

किती वेळ वाळवायचा, याचं घड्याळ मुंबईत चालत नाही. दिवाळीआधीच्या कोरड्या दुपारी पंख्याखाली दीड-दोन तासांत काम होतं. समुद्राजवळच्या घरात किंवा पावसाळ्यात चार-पाच तासही लागतात. अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायचं असतं, आणि तो महिना हवा बघून येत नाही. 2023 चा अधिक श्रावण भर पावसात होता, 2026 चा अधिक ज्येष्ठ मे-जूनमधल्या घामट दिवसांतला. पुण्याच्या नातेवाइकांनी सांगितलेला 'एक तास' इथे जसाच्या तसा वापरू नका.

हाताने बघा. मूठभर तांदूळ घट्ट आवळून सोडा. तळव्याला ओल जाणवली पाहिजे, पण तळवा भिजता कामा नये. दोन-चार दाणे चिकटून बाकीचे सुटे पडले की बरोबर. दाणे खडखडीत वाजले तर जास्त वाळले. तेव्हा पाणी शिंपडू नका, ओलं फडकं झाकून अर्धा तास ठेवा.

ओला तांदूळ बहुतेक गिरणीवाले घेत नाहीत, तेव्हा मिक्सरच. एका वेळी भांड्याच्या एक तृतीयांशच भरा आणि थांबत-थांबत फिरवा. भांडं तापलं की आत वाफ धरते आणि पिठाचे गोळे होतात. मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेली कणी पुन्हा दळा. कणी तशीच मिसळली तर तळताना त्या जागी अनारसा फाटतो.

गूळ

तांदूळ मोजून गूळ घेणं ही नेहमीची चूक. भिजून-वाळून वजन बदललेलं असतं, म्हणून चाळलेलं पीठ मोजा. 500 ग्रॅम पिठाला 400 ग्रॅम किसलेला साधा पिवळा गूळ आणि दोन चमचे पातळ तूप. चिक्कीचा गूळ घालू नका, अनारसा कडक होतो. गूळ किसूनच घ्या. खडा राहिला तर तो तुपात वितळतो आणि तिथेच भोक पडतं.

आंध्रातल्या अरिसेलूत गुळाचा पाक करून त्यात पिठी घालतात. पदार्थ नात्यातला असला तरी कृती वेगळी. व्हिडिओ बघून अर्धी ही आणि अर्धी ती केली की दोन्ही फसतात.

मिसळताना सुरुवातीला पीठ कोरडं वाटेल. दूध घालायचा मोह आवरा. दहा मिनिटं मळलं की गूळ ओल ओढतो आणि गोळा जमतो. आणि गूळ घालण्याआधी वाटीभर पीठ बाजूला काढून डब्यात, फ्रीजरमध्ये ठेवा. हे विसरू नका, पुढे तेच वाचवतं.

मुरणं

गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून भरा. चार-पाच दिवस बाहेर ठेवा, उकाड्यात तीन-चार दिवस पुरतात. रोज एकदा उघडून वास घ्या. गोड-आंबूस वास हवा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वरचा थर काढून चालणार नाही, सगळं टाका. मुरल्यावर फ्रीजमध्ये महिनाभर टिकतं. करायच्या आधी अर्धा दिवस बाहेर काढून ठेवा. गार पिठाचा अनारसा थापताना चिरतो.

दिवाळीच्या सुमाराला दादर-गिरगावात तयार पीठ मिळतं. त्याला कमी लेखायचं कारण नाही, पण ते किती मुरलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. त्यातला एक अनारसा आधी तळून बघाच.

तळण

लिंबाएवढी गोळी, तुपाचा हात लावलेला प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर खसखस. बोटांनी थापून तीन इंचांची, पुरीपेक्षा जाडसर चकती करा. तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचं तूप हलकेच वर उडवत राहा, जाळी त्यानेच फुलते.

आच मध्यम ते मंद. पिठाचा कण टाकला की तो तळाला जाऊन सावकाश बुडबुडे घेत वर आला पाहिजे. लगेच उसळून काळपट झाला तर तूप फार तापलंय. बुडबुडेच नाहीत तर तूप गार आहे, अनारसा हसेल किंवा तूप पिईल. कढई छोटी, एका वेळी एकच.

सोनेरी झाला की काढा. कढईत तो मऊच असतो, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. कढईत कुरकुरीत होईपर्यंत थांबलात तर बाहेर दगड होणार. चाळणीत उभा ठेवा. आडवा ठेवला तर तूप आतच राहतं.

बिघडलंच तर

पहिला अनारसा चाचणीचा. तो हसला तर गोळ्यातला चौथा भाग वेगळा काढा, बाजूला ठेवलेल्या पिठीतला एक चमचा त्यात मळा, अर्धा तास ठेवून पुन्हा एक तळा. प्रमाण जमलं की बाकीच्या गोळ्याला त्याच हिशोबाने पिठी लावा. सगळ्या गोळ्यात एकदम पिठी ओतू नका. जास्त झाली की परत काढता येत नाही. बाजारची कोरडी तांदळाची पिठी अडीअडचणीला चालते, पण पोत खरखरीत होतो.

कडक झाला किंवा थापताना चिरला तर वाटीभर गोळ्याला अर्धा चमचा कुस्करलेलं पिकलेलं वेलची केळं. यापेक्षा जास्त घातलं तर लगेच हसायला लागतो. जाळी नाही पण चव बरी असेल, तर पीठ कमी मुरलंय. आणखी दोन दिवस ठेवा, केळ्याने जाळी येणार नाही.

सात-आठ अनारशांनंतर तळाशी खसखस आणि गूळ करपायला लागतो, पुढचे काळपट आणि कडवट होतात. तूप फडक्यातून गाळा, कढई पुसा आणि मगच पुढचा घाणा घ्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. मुंबईच्या हवेत उघड्यावर रात्रभरही ठेवू नका, सकाळी मऊ पडलेले मिळतील.