पहिली जुनी ट्रायल्स बाइक घेताना या चुका टाळा

बहुतेक ट्रायल्स बाइकना किलोमीटर मोजणारा काटा नसतो, आणि असला तरी त्यावरून फारसं काही कळत नाही. ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता अडथळे पार करण्याचा खेळ, त्यामुळे ही बाइक पळत नाही. दगडांवरून, ओढ्यातून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने चढत-उतरत राहते. त्यामुळे 'किती चालली आहे?' हा आपल्या सवयीचा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. ती कशी धुतली, कधी ग्रीस केली आणि एअर फिल्टर कोणी साफ केला, हे विचारायचं. नीट सांभाळलेली दहा वर्षांची बाइक ही दर आठवड्याला प्रेशर वॉशरने धुतलेल्या पण एकदाही न उघडलेल्या दोन वर्षांच्या बाइकपेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला सौदा असतो. कमी बजेटमध्ये तर मॉडेलचं वर्ष सोडून द्यायचं आणि अवस्था पाहायची.

सगळे पैसे बाइकवरच घालवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. बजेटचा पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवा. जुन्या बाइकला मागचा टायर, चेन-स्प्रॉकेट, मागच्या लिंकेजचे (शॉकअबला जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग, ब्रेक पॅड आणि सगळी ऑइलं यांतलं निम्मं तरी लगेच लागतंच. त्यात हेल्मेट आणि घोट्याला आधार देणारे ट्रायल्सचे बूट धरा. ताणून ताणून नवं मॉडेल घेतलं आणि टायर बदलायला पैसे उरले नाहीत, तर त्या बाइकवर शिकताच येत नाही. मागच्या टायरच्या गोट्यांच्या (रबरी उंचवट्यांच्या) पुढच्या कडा गोल झाल्या की ओल्या दगडावर तो धरत नाही आणि नवशिक्याला वाटतं, आपलंच चुकतंय.

तीनशे सीसीचा मोह

जास्त सीसी म्हणजे जास्त बाइक, हा हिशेब इथे उलटा पडतो. तीनशेचं इंजिन थ्रॉटल जरासा हलला तरी पुढचं चाक उचलतं. दमलेल्या हातांनी ते आवरणं कठीण. बहुतेक प्रौढ नवशिक्यांना 250 पुरेसं होतं. हलक्या वजनाच्या किंवा वयाने लहान चालकाला 125 चालेल, पण ते इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरतं ठेवावं लागतं, क्लचचं काम वाढतं. नावातल्या आकड्यावरही विसंबू नका : शेर्को कंपनीची '2.9' प्रत्यक्षात 272 सीसीची. चांगल्या अवस्थेतली मोठी बाइकच हाती लागली, तर हळू उघडणारी थ्रॉटल ट्यूब आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) जादा वजन बसवून ती बरीच शांत करता येते.

चार स्ट्रोकचं आकर्षणही असतं. मोंटेसाची कोटा 4आरटी 2005 पासून मिळते. फ्युएल इंजेक्शन असूनही तिला बॅटरी नाही. उत्तम बाइक, पण वजन थोडं जास्त, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) तपासावं लागतं आणि इंजिन उघडायची वेळ आली तर खर्च मोठा. बजेट घट्ट असेल तर टू-स्ट्रोक बरी. पिस्टन आणि रिंगा बदलणं हे घरच्या गॅरेजमधलं काम आहे.

दुर्मीळ मॉडेल स्वस्त मिळतंय म्हणून घेणे

ते स्वस्त का आहे, हे पार्टची यादी हातात घेतली की कळतं. ओसाची टीआर 280आय रचनेने फार कल्पक बाइक होती, पण कंपनी 2014 मध्ये गॅस गॅस या कंपनीत विलीन झाली आणि सुटे भाग मिळवणं अवघड झालं. पहिल्या बाइकसाठी गॅस गॅस टीएक्सटी प्रो, बीटा रेव्ह-3 किंवा इव्हो, शेर्को, मोंटेसा 315आर अशी मोठ्या संख्येने विकली गेलेली मॉडेल पाहा. मागे दोन शॉकअब असलेल्या जुन्या बाइक, म्हणजे बुल्टाको शेर्पा किंवा यामाहा टीवाय, दिसायला सोप्या वाटतात. मात्र त्यांना संग्राहकांची मागणी आहे आणि ड्रम ब्रेकवर आजच्या पद्धतीची तंत्रं शिकणं जड जातं.

गरम केलेलं इंजिन तपासणे

पोहोचल्यावर सगळ्यात आधी सिलिंडरला आणि सायलेन्सरला हात लावा. 'मी येण्याआधी सुरू करू नका' असं सांगूनही ते कोमट असेल, तर इंजिन थंड असताना सुरू होण्याची काहीतरी अडचण आहे असं धरून चला. निरोगी टू-स्ट्रोक थंड असताना चोक ओढून दोन-चार किकमध्ये पेट घेते. किक वरच्या टोकापासून हळू दाबत आधी दात अडकू द्या, मग जोर लावा. धाडकन लाथ मारल्याने किकचे गिअर तुटतात, आणि पाय मध्येच रिकामा घसरला तर आधीच्या मालकाने नेमकं तेच केलेलं असतं.

सुरू झाल्यावर थ्रॉटल एकदा झटकन उघडून सोडा. इंजिनाचे फेरे लगेच खाली यायला हवेत. ते वरच रेंगाळत राहिले, तर कुठून तरी जादा हवा आत शिरतेय : कार्बोरेटरच्या रबरातून किंवा क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) इग्निशनच्या बाजूच्या सीलमधून. अशा पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर इंजिन चालत राहिलं की पिस्टन जातो. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर लक्षण उलटं : गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी घटत जाते. पण थोडा वेळ निवांत चालवून थ्रॉटल उघडल्यावर येणारा धूर हा दोष समजू नका. संथ चालीत सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळत असतं.

इंजिन बंद केल्यावर एअर फिल्टर काढायला सांगा आणि फिल्टरच्या मागच्या, म्हणजे कार्बोरेटरकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. ही एक मिनिटाची तपासणी बहुतेक जण करत नाहीत. फडक्याला कचकच लागली, तर धूळ इंजिनात गेलेली आहे. पिस्टन, रिंगा आणि क्रँकचे बेअरिंग यांचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर निघून या.

क्लच नुसता दाबून पाहणे

ट्रायल्समध्ये क्लच सतत वापरात असतो, म्हणून तो चालत्या बाइकवरच तपासायचा. इंजिन गरम झाल्यावर सपाट जमिनीवर पहिला गिअर टाका, एका बोटाने क्लच पूर्ण दाबा. बाइक जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. ती पुढे ओढत असेल, तर प्लेटा चिकटताहेत, ऑइल चुकीचं आहे किंवा हायड्रॉलिकमध्ये हवा आहे. मग तिसऱ्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल पूर्ण उघडा : इंजिनाचे फेरे वाढले पण बाइकचा वेग नाही, तर क्लच सरकतोय.

बीटाच्या बाबतीत एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. रात्रभर उभी राहिली की प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि पहिल्यांदा गिअर टाकताच बाइक झेप घेते. यावरून सौदा मोडू नका. फ्रिक्शन प्लेटांच्या पॅडभोवती उरलेला जादा गोंद खरवडून काढला की हा त्रास बहुतेक वेळा संपतो. एका संध्याकाळचं काम. तोवर सुरू करण्याआधी गिअर टाकून, क्लच दाबून बाइक पुढे-मागे हलवायची.

क्लचचं फ्लुइड भरताना त्याच्या हँडलवरच्या छोट्या टाकीच्या (मास्टर सिलिंडरच्या) झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. काही मास्टर सिलिंडरना डॉट 4 (ब्रेक फ्लुइड) लागतं, काहींना मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं फुगतात आणि अख्खं किट बदलावं लागतं.

स्टिकर पाहून भुलणे, पोटाखाली न पाहणे

नवे ग्राफिक्स एका तासात चिकटवता येतात. बाइक आडवी करा आणि खालची संरक्षक प्लेट पाहा. तिच्यावर ओरखडे असणारच. पण ती आत दबून इंजिनाला टेकली असेल तर मागे केसला (इंजिनाच्या कवचाला) तडा असू शकतो. फूटरेस्टचे ब्रॅकेट, हँडलच्या मुळाजवळची फ्रेम आणि शॉकअबचं वरचं टोक या ठिकाणी वेल्डच्या कडेने बारीक रेषा शोधा. ताजा रंग फक्त तिथेच दिसला तर नीट विचारा.

आता खरा खर्च लपतो ती जागा. बाइक खोक्यावर ठेवून मागचं चाक अधांतरी करा. चाक वरच्या बाजूने धरून हळूच उचला. शॉकअब दबायच्या आधी 'टक' असं जाणवलं, तर लिंकेजच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. थोडा प्ले चालतो. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पूर्ण किट लागेल. त्याहून वाईट म्हणजे स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट गंजून आतच धरलेला असणं. तो कधी काढला होता हे विचारा आणि शक्य असेल तर नट सैल करून बोल्ट फिरतो का ते पाहा.

पुढच्या फोर्कच्या नळ्यांवरून नखं फिरवा. नख अडकलं तर तो खड्डा नवीन सीलही फाडणार. हँडल सरळ असताना चाक तिरकं दिसत असेल तर घाबरू नका : पडल्यावर फोर्क बऱ्याचदा क्लॅम्पमध्ये फक्त पिळले जातात. क्लॅम्पचे बोल्ट आणि एक्सल सैल करून सरळ करता येतात. नळीच वाकली असेल तर मात्र ती सैल करून फिरवताना वर-खाली डुलते.

पंखा फिरेपर्यंत थांबा

पाण्याने थंड होणाऱ्या बाइकवर इंजिन जागेवर चालू ठेवा. काही मिनिटांत रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. न झाल्यास थर्मल स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर दोष स्विचचा, स्वस्तातला. नाही फिरला तर पंखा स्वतः किंवा रेग्युलेटर. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ असेल तर पाण्याच्या पंपाचं सील गेलंय. दुरुस्ती अवघड नाही, पण त्या ऑइलवर ती किती दिवस चालली, हे महत्त्वाचं.

चाकांत मागचं 18 इंची, सहसा ट्यूबलेस. पुढचं 21 इंची, ट्यूबचं. मागच्यात कोणी ट्यूब घातली असेल तर रिम वाकली किंवा गळते, हे समजा. हवा मागे 4 ते 5 पीएसआय, पुढे 6 ते 7. साधा मीटर इतक्या खाली नीट दाखवत नाही, 0 ते 15 पीएसआयचा वेगळा घ्या.

फ्रेम नंबर आणि कागदपत्रं जुळतात का, हे पैसे देण्याआधी पाहा. नंबर घासलेला असेल तर पुढे बोलूच नका.

घरी आणल्यावर लगेच सराव

पहिला दिवस पान्यांना द्या. गिअरबॉक्सचं ऑइल, कूलंट, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, स्पार्क प्लग बदला. लिंकेज उघडून ग्रीस भरा. बरेच महिने उभी असलेली बाइक चोकशिवाय चालत नसेल तर कार्बोरेटरचा पायलट जेट (संथ चालीत पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बुजलेला असतो. तो तारेने खुपसू नका, क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. संथ चालणाऱ्या या इंजिनांना ते एक-दीड टक्क्याच्या आसपास लागतं आणि जास्त घातलं तर सायलेन्सर चोंदतो.

मागच्या ब्रेकची हवा काढूनही तो स्पंजसारखा लागत असेल, तर कॅलिपर सोडवा, हवा सोडण्याचं निप्पल सर्वांत वर येईल असा धरा आणि सिरिंजने खालून वर फ्लुइड ढकला. आणि हँडलला दोरीचा किल स्विच नसेल तर तो पहिल्या दिवशीच बसवा. बाइक हातातून सुटून दगडावर उताणी पडली की इंजिन त्या क्षणी बंद झालं पाहिजे.