डाव्या बाजूचे दोन यूएसबी पोर्ट

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या एका पोर्टात अंगठ्याचे मशीन क्षणभर दिसून नाहीसे होऊ लागले, तर शेजारच्या पोर्टात काहीच चालेना. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने थेट मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलायला सांगितले, जे मला घाईचे वाटले.

तेच मशीन त्याच केबलने उजव्या पोर्टात नीट चालले, म्हणजे ते दोन्ही निर्दोष होते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या यादीतून यूएसबी कंट्रोलरची (पोर्ट चालवणाऱ्या भागाची) नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरी फरक पडला नाही. शेवटी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली सुरू केली. तिथेही तीच रड असल्याने विंडोजवरचा संशय फिटला.

यूएसबी २.० पोर्टाच्या आतल्या धातूच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन ५ व्होल्टची वीज नेतात आणि मधल्या दोन माहिती. माउस लावल्यावर पहिल्या पोर्टात त्याचा दिवा लागला, दुसऱ्यात लागला नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून टॉर्चने पाहिले, तेव्हा पहिल्यात कापसाचे तंतू धुळीसह घट्ट बसलेले दिसले (खोलीलगतच कापसाची गंजी होती!). लाकडी काडीने ते हळूच काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसल्या आणि पोर्ट पूर्ववत चालू झाला. दुसऱ्यात कडेची पट्टी आत दबलेली होती. शॉर्ट होण्याच्या भीतीने तिला हात न लावता त्या पोर्टावर चिकटपट्टी लावून टाकली.