किनाऱ्यावरचं गावतळं : या चुका टाळा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की तळ्याची आठवण होते. वर्गणी जमते, पोकलेन येतो, चार दिवसांत गाळ निघतो, फोटो ग्रुपवर पडतात. पुढच्या मार्चमध्ये बायका सांगू लागतात, पाणी मचूळ लागतंय. आमच्या वाडीत हे घडलंय, म्हणून आधी खोलीचं बोलू.

समुद्राजवळच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. वरची पातळी थोडी उतरली की खालचं खारं पाणी कितीतरी जास्त वर चढतं. म्हणून काळा, मऊ, कुजका गाळ तेवढाच काढा. हातात घेऊन वळकटी करता येईल अशी चिकणमाती लागली की मशीन थांबवायचं. तिच्यामुळेच पाणी टिकतं. आमच्याकडे "अजून २ फूट जाऊ द्या" म्हणत ती फोडली. ठेकेदाराला पैसे तासावर मिळत होते, तो कशाला थांबवतोय!

पाणी आधीच खारावलं असेल तर कारण शोधणं अवघड नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या, आठवड्यातून एकदा मोजा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वेगळं मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आकडा फक्त उधाणाला उडी मारत असेल, तर बहुतेक खाडीचं पाणी वहाळातून (ओढ्यातून) किंवा बांधातून आत येतंय. ओहोटीला बांधावरून चालत जा, खेकड्यांची बिळं बघा, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी नीट बसते का ते तपासा. बीळ लहान असतानाच चिखल ठासून बुजवा. बांध फुटून खांड गेल्यावर सगळा गाव लागतो. उधाण असो-नसो, उन्हाळाभर आकडा हळूहळू चढत असेल, तर उपसा जास्त होतोय. अशा वेळी एप्रिल-मेमध्ये बागायतीच्या शिंपणाचे पंप बंद ठेवावे लागतात. यावर भांडणं होतात, होऊ द्या.

दुसरी चूक सुशोभीकरणाची. केवडा, भेंड, उंडी तोडून चारी बाजूंनी सिमेंटचा काठ बांधला की कडेचा पाझर अडतो आणि बेडकांना वर यायला वाट राहत नाही. आधार हवाच असेल तर जांभ्या दगडाची कोरडी, सिमेंट न लावता रचाई करा. तळं सिमेंटशिवायही टिकतं : मालवण तालुक्यातला धामापूर तलाव १५३० सालचा, मातीच्या बांधाचा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला.

मासे सोडताना विचारून सोडा. अलिबागच्या खारेपाटात खाडीतली जिताड्याची पिल्लं तळ्यात वाढवायची जुनी रीत आहे, ती चांगलीच. पण तिलापिया एकदा शिरला की निघत नाही, आणि थाई मागूरवर तर २००० सालापासून बंदी आहे.

आता जमीन. तळ्यात पाणी येतं वरच्या पऱ्यातून, म्हणजे लहान ओढ्यातून, आणि पऱ्या बहुतेकदा कुणाच्या तरी प्लॉटमधून जातो. कंपाउंड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच सातबारा आणि गावनकाशा काढा, मोजणी करून घ्या, पऱ्या नकाशावर आहे का पाहा. तळ्यावरच अतिक्रमण असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय, की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा.

गाळाच्या फोटोत सगळे असतात. आषाढात सांडव्यात अडकलेला पाला काढायला कोण जाणार, हे कुणी ठरवलेलं नसतं. आम्ही आता वर्गणीच्या वहीतच शेवटच्या पानावर पाळ्या लिहितो. मुंबईकरांची नावं त्यात नाहीत, त्यांच्याकडून एका गड्याची मजुरी घेतो.