एनसीसीच्या पोरींना घेऊन कॉलेजची फुटबॉल टीम कशी उभी करायची (नागपूरवाल्यांसाठी)

बॉल घ्यायच्या आधी एक काम करा, एनसीसीच्या मॅडम आणि स्पोर्ट्सवाले सर या दोघांना एका टेबलवर बसवा. पोरींची टीम खेळ येत नाही म्हणून नाही तुटत, टाइमटेबलमुळे तुटते. परेड न प्रॅक्टिस एकाच वेळी आली की पोरगी परेडलाच जाणार, तिकडे अटेंडन्स आहे, सी सर्टिफिकेट (एनसीसीचं सगळ्यात वरचं) आहे, आणि त्यात १० दिवसांचा कॅम्प इंटरकॉलेजिएटच्या तोंडावर आला तर बोलायलाच नको. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला, म्हणजे तिथल्या आर्मीच्या अकॅडमीत, १९७६ पासून मुली घेतात, त्यांची फुटबॉल टीम पॅट्रियट लीग या कॉलेजांच्या लीगमध्ये खेळते, नेव्हीच्या अकॅडमीसोबतची मॅच सगळ्यात टशनवाली, पण तिथं प्रत्येक कॅडेटला कोणता ना कोणता खेळ खेळावाच लागतो, म्हणजे खेळ ट्रेनिंगमध्येच धरलेला. आपल्याकडे हे कोणी आयतं देणार नाही, मॅडम अन् सरांसोबत बसून ठरवून घ्यावं लागते.

मैदानात ११ लागतात पण १८ जणी पकडून चाला, कोणी ना कोणी कॅम्पला असणारच. फुटबॉल खेळलेल्याच पायजे असा हट्ट नको बाप्पा! खो-खोवालीला विंगवर टाका, झटक्यात दिशा बदलणं तिला शिकवावं लागत नाही. कबड्डीवाली डिफेन्सला, अंगावर कोणी आलं तर ती मागे सरकत नाही. गोलकीपर हँडबॉल नाहीतर बास्केटबॉलमधून उचला.

सामान थोडकंच लागते. ५ नंबरचे बॉल, सगळ्यांना शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचं पॅड (नियमच आहे तो), आणि स्टड (फुटबॉलचे बूट) मोल्डेड रबरचे, कारण उन्हाळ्यात आपलं मैदान फरशीसारखं कडक होते. पावसाळ्यात काळी माती स्टडमध्ये अशी घट्ट बसते की पाय उचलत नाही, त्या दिवशी मैदान सोडा, हॉलमध्ये पासिंग करा. परेडचे बूट घालून पळू देऊ नका.

आता गुडघा. इथं कंजूसी नको. मुलींमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतला लिगामेंट) फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे, आणि बरेचदा कोणी धक्कासुद्धा दिलेला नसतो, उडी मारून उतरताना नाहीतर वळतानाच जाते. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप फुकट मिळते, २० मिनिटांचा आहे, आठवड्यात निदान दोनदा करा. उतरताना गुडघे आत वळून राहिले का ते बघत बसा, मोबाईलवर व्हिडिओ काढून तिलाच दाखवा, सांगून समजत नाही ते बघून समजते.

मार्च लागला की सकाळी साडेपाचला सुरू, साडेसातला बंद. मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जाते, तेव्हा हिरोगिरी नको. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मैदानावरच ठेवा. अन् ज्या पोरी लवकर दमून राहिल्या त्यांना "स्टॅमिना नाही" म्हणायच्या आधी हिमोग्लोबिन तपासायला लावा.

आई-बाबांना आधीच भेटा. त्यांचा प्रश्न एकच असते, याचा फायदा काय? खोटं नका बोलू, फुटबॉल खेळली म्हणून कोणी ऑफिसर करत नाही. पण सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडचं असलं तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा नसते, शॉर्टलिस्ट झाली तर सरळ एसएसबी (ऑफिसर निवडायचा इंटरव्ह्यू), आणि तिथल्या ग्रुप टास्कमध्ये टीमसोबत घाम गाळलेली पोरगी गप्प बसत नाही. एनडीएत (खडकवासल्याच्या डिफेन्स अकॅडमीत) सुद्धा २०२२ पासून मुली आहेत हेही सांगा.

मॅच मिळत नाही ही रड असते सगळ्यांची. कामठीकडे विचारा, तिकडे फुटबॉल जुना आहे. स्लम सॉकर नागपूरचीच संस्था, त्यांच्याकडे पोरीही खेळतात. तेही नाही जमलं तर शाळेतल्या पोरांच्या टीमसोबत लावा. पहिली मॅच छोट्या मैदानावर सात-सातची ठेवा, हाफ २० मिनिटांचा, आणि सगळ्याजणींना उतरवा, बेंचवर बसवलेली पोरगी पुढच्या आठवड्यात येत नाही.